नाटकासाठी पोट

फोमच्या धंद्यात माणूस संशयी होतोच. बाहेरून सगळे फोम सारखेच दिसतात. चाळीस डेन्सिटीचा म्हणून घेतलेला तुकडा थोड्याच दिवसांत बसका होतो, तेव्हा कळतं की तो बत्तीसचाही नव्हता. वर चांगल्या फोमचा पातळ थर आणि आत चुरा दाबून केलेली लादी, असा मालही आमच्या गळ्यात मारलेला आहे. माझे वडील गाद्या आणि कुशनं करायचे. माल घेताना ते कोपरा कापून बघितल्याशिवाय हो म्हणत नसत. व्यापारी रागावला, तर दुसरा कोपराही कापत.

त्यांचाच उरण नाक्याजवळचा गाळा आता माझ्याकडे आहे. मी गाद्या कमी करते, बाकीचं जास्त. पूर्वी थर्माकोलची मखरं करायचे. थर्माकोलवर बंदी आली तेव्हा ईव्हीएच्या, म्हणजे चपलांच्या तळव्याच्या फोमच्या, शीटवर आले, हीट गन घेतली आणि हळूहळू शाळांच्या गॅदरिंगची कामं यायला लागली. सिंहाची डोकी, झाडाचे बुंधे, रावणाची तोंडं. कुंभकर्णाची ढेरी तर मी इतक्या वेळा केली आहे की डोळे मिटून कापू शकेन. म्हणून ती बाई पहिल्यांदा आली आणि म्हणाली की नाटकासाठी पोट हवंय, तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

तिशीची असेल. स्कूटरवरच्या मुली बांधतात तशी ओढणी नाकातोंडावरून बांधलेली. पण ती आली होती रिक्षाने, एसटी स्टँडवरून. पंख्याखाली बसली तरी तिने ओढणी सोडली नाही. पोट गरोदर बाईचं हवं होतं. मी कितवा महिना म्हणून विचारलं, तर म्हणाली, चौथा.

मी हातातली कात्री खाली ठेवली. नाटकातली गरोदर बाई नेहमी आठव्या-नवव्यात असते. चौथ्या महिन्याचं पोट तिसऱ्या रांगेतून दिसतसुद्धा नाही. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, आमच्या दिग्दर्शकांना सगळं खरं लागतं.

तिच्यासमोर मी सगळे नमुने मांडले. थर्माकोल तिने स्वतःच बाजूला सारला, दाबला की तो करकरतो. ईव्हीए घाम पीत नाही, गरम केला की हवा तसा वळतो, पण हाताला चपलेसारखा लागतो. सोफ्याचा मऊ पीयू फोम उशीसारखा दबतो, आणि गरोदर बाईचं पोट उशीसारखं नसतं, ताठ असतं, हे मला स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं. मेमरी फोम अंगाच्या उबेने सैल पडतो आणि त्यावर हाताचा ठसा क्षणभर राहतो. गिऱ्हाइकं फोम बघतात, चिमटीत धरतात, किंमत विचारतात. या बाईने डोळे मिटले आणि एकेका तुकड्यावर पालथा, मग उताणा हात ठेवून बघितला.

"हात लावला तर खरं वाटलं पाहिजे, ताई," ती म्हणाली.

मी म्हटलं, प्रेक्षक थोडेच हात लावायला येणार आहेत? त्यावर ती म्हणाली, बरोबरचे कलाकार लावतात.

मग तिने फोन काढून माप सांगितलं. नुसतं घेर म्हणून नाही. बेंबीवरून किती, बेंबीखालून किती, बरगडीपासून किती. नाटकवाले मापं आणत नाहीत, अंदाजे सांगतात. हिची मापं एखाद्या शिंप्याने घेतल्यासारखी होती, आणि ती तिच्या स्वतःच्या अंगाची नव्हती, हे तर उघडच दिसत होतं. मी मापं लिहून घेतली. निघताना तिने विचारलं, हे दिवसभर घालता येईल का? आणि आडवं पडलं तर सरकेल का? तालमी फार लांबतात, असं तिने पुढे स्वतःहूनच जोडलं. विचारलेलं नसताना जो कारण देतो त्याच्याकडे नीट बघावं, असं माझं मत आहे.

पोट मी मन लावून केलं. अंगाकडच्या बाजूला ईव्हीए, हीट गनने कमरेच्या वळणाचं केलेलं. त्यावर कडक पीयू, धारदार पात्याने पातळ पातळ तासून गोलाई आणलेला. सगळ्यात वर मेमरी फोमचा थर आणि होजिअरीचं कव्हर. चिकटवायला आम्ही रबर सोल्युशन वापरतो, पण तिला वास अजिबात नको होता, म्हणून पाण्यातला गम घेतला. तो आमच्या दमट हवेत लवकर वाळत नाही. ती न्यायला आली तेव्हा मी सहज नाटकाचं नाव विचारलं. पहिल्या दिवशी तिने एक नाव सांगितलं होतं. आज दुसरंच सांगितलं.

पुढच्या खेपेला आली ती सहाव्या महिन्याचं पोट मागायला. जुनं बरोबर आणलं होतं, पट्टा कुठे काचतो ते दाखवायला. मी ते उलटं केलं तर कव्हरला घामाच्या पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या, एकावर एक. दोन तासांच्या नाटकाने अशा रेषा पडत नाहीत. आणि वास येत होता. पीयू फोम स्पंजासारखा असतो, ज्या घरात राहील त्या घराचा वास पितो. हा वास सुक्या मासळीचा होता. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, आमचा ग्रुप वाशीचा.

ते जुनं पोट माझ्याकडे ठेवून जायला ती तयार झाली नाही. पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून घेऊन गेली.

मी नवऱ्याला सांगितलं. तो ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे, संध्याकाळी गाळ्यावर येऊन बसतो. त्याचं म्हणणं, आपण पोट विकतो, पुढे ते कोण कुठे घालतं याची चौकशी आपण कशाला करायची? मी म्हटलं, एखादी बाई दिवसभर खोटं पोट बांधून हिंडते, याचा अर्थ शेवटी तिला एक खरं मूल दाखवावं लागणार. ते मूल कुठून येणार? मुलं चोरल्याच्या, विकल्याच्या बातम्या आम्ही दोघांनीही पेपरात वाचलेल्या होत्या.

त्यात एक गोष्ट घडली. माझ्याकडे कापून उरलेले फोमचे तुकडे खूप साठतात. वाडीवरच्या काही बाया, ज्या वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जातात, त्या उशा भरायला ते तुकडे घेऊन जातात. त्यातल्या एकीला दिवस गेले होते, पोट चांगलं दिसायला लागलं होतं. ती पोतं भरत होती तेव्हा ही बाई सहावा महिना न्यायला आली. पोट तिने हातात घेतलं, पण नजर सगळी त्या बाईकडे. ती कशी वाकते, कमरेवर हात ठेवून कशी उठते, पोतं डोक्यावर घेऊन उंबऱ्यावरून कशी उतरते, सगळं बघत राहिली. ती दिसेनाशी झाल्यावर मला विचारलं, "हिला कितवा महिना आहे? कुठे राहते ही?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. मला माहीत होतं.

त्यानंतर मी तिचे फोन टाळायला लागले. आठव्या महिन्याच्या पोटाची मापं तिने पाठवली होती. मी फोम कापून ठेवला आणि पुढे हात लावला नाही. मेमरी फोम संपलाय, माल भिवंडीहून यायचाय, असं काहीबाही कळवत राहिले. वाडीवरची बाई पुन्हा आली तेव्हा तिला विचारलं, कोणी तुझ्याकडे येऊन काही बोललं का? ती हसली. मी काय विचारतेय तेच तिला कळलं नाही, आणि मलाही त्याहून स्पष्ट विचारवेना.

मग एका दुपारी एक म्हातारी गाळ्यात आली. नऊवारी, नाकात मोठी नथनी, हातात सुक्या मासळीची पाटी. बाजारातून उठून आल्यासारखी. मी म्हटलं, मावशी, मासळी नको. तिने पाटी दाराशी ठेवली, आत येऊन बसली आणि पदराखालून एक पिशवी काढली. पिशवीवर माझ्या गाळ्याचा पत्ता होता. आत मी केलेलं पहिलं, चौथ्या महिन्याचं पोट.

"ह्ये तूच केलंस ना, बाय?"

मी हो म्हणावं की नाही, ते मला ठरवता येईना. तिने माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. ती करंज्याची, तिचा मुलगा द्रोणागिरीला गोदामात नोकरीला, आणि हे पोट तिला सुनेच्या कपाटावर, गोधडीत गुंडाळलेलं सापडलं होतं. सून आता त्याहून मोठं बांधते, म्हणून हे लहान नेलेलं तिला कळणार नाही, असा हिशेब करून ती आली होती.

मी विचारलं, हे सापडलं म्हणून तुम्हाला कळलं का?

"नाय गं. त्याआदीच कललं व्हतं," ती म्हणाली. "ती बसते ना, तवा आदी ती बसते न मग पोट बसतं. खऱ्या पोटाचं तसं नसतं. पोट पयलं बसतं, बाई मागनं."

मी तिला पाणी दिलं. आता ही भांडायला आली असेल, नाहीतर पोलिसांचं नाव घेईल, असं मला वाटत होतं. पण तिचं काम निराळंच होतं. डोहाळजेवण जवळ आलं होतं. गावातल्या बाया येणार, ओटी भरताना हात लावणार. सुनेचं सध्याचं पोट एका बाजूला दबलं होतं आणि वरून बघताना तिला ते दिसत नव्हतं. मी आपणहून सुनेला बोलावून ते लवकर नीट करून द्यावं, असं म्हातारीला वाटत होतं, आणि सुनेला कळू द्यायचं नव्हतं की सासूला माहीत आहे.

मी म्हटलं, तुम्ही तिलाच का नाही विचारत?

"इचारलं तर ती खोटं बोलंल. मग मना ते खोटं धरून चालावं लागंल. आता निदान कोनी काय बोललेलं नाय."

मग आवाज खाली घेऊन तिने मला तोच प्रश्न विचारला, जो मी नवऱ्याला विचारला होता. पोर कुठून येणार आहे, तुला ठाऊक आहे का? मी नाही म्हटलं. तिला वाटत होतं, पोट करणारीला तरी माहीत असेल. मुलाला विचारायला जावं तर तो मान खाली घालून बाहेर जातो, म्हणाली. त्याचं कुठे दुसरीकडे काही आहे की काय, की कोणा गरिबाचं मूल उचलून आणणार आहेत, या विचाराने तिला जेवण जात नव्हतं. आम्ही दोघी अनोळखी बाया, एकाच माणसावर संशय घेऊन एका बाकावर बसलो होतो.

मी तिला शब्द दिला की सुनेला काही कळणार नाही. आणि मनाशी ठरवलं की आता सरळ विचारायचं.

सुनेला मी फोन करून बोलावलं. ती आली तेव्हा आठव्या महिन्याचा कापलेला फोम टेबलावर होता. मी तो उचलला नाही.

"हे मी पुरं करणार नाही," मी म्हटलं. "आधी मला सांगा, बाळ कोणाचं आहे."

ती उठून जाईल, असं मला वाटलं होतं. तिने दाराकडे बघितलं, मग पहिल्यांदाच चेहऱ्यावरची ओढणी सोडली. घामाने गाल भिजले होते. म्हणाली, बाळ माझं आणि माझ्या नवऱ्याचंच आहे. तिच्या गर्भाशयात ते राहू शकत नव्हतं. तिची मोठी बहीण, जिला स्वतःची मुलं आहेत, ती ते वाढवत होती. दवाखाना, कोर्ट, सगळं रीतसर झालं होतं. मापं बहिणीच्या अंगाची. दर महिन्याला बहीण टेप लावून मापं पाठवायची, आणि ही ती माझ्याकडे आणायची, म्हणजे दोघींची पोटं बरोबर वाढतील.

मी म्हटलं, मग घरी लपवायचं कशाला? तिने सांगितलं की लग्नानंतर थोड्याच दिवसांनी टीव्हीवर असंच काहीतरी लागलं होतं, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, दुसरीच्या पोटात वाढलं ते आपलं कसं? "त्या मला उद्देशून नव्हत्या बोलल्या, ताई. तेव्हा कोणालाच काही माहीत नव्हतं. पण मी तिथेच बसले होते."

मी वाडीवरच्या बाईचं विचारलं. तिला आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा तिचा चेहरा पडला. "मी तिचं चालणं बघत होते," ती म्हणाली. "मला हे शिकवणार कोण? पुन्हा दिसली तर बघावं, म्हणून कुठे राहते ते विचारलं."

तरी माझा पुरता विश्वास बसेना. कोपरा कापल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हे हाडात भिनलेलं. मी म्हटलं, बहिणीशी बोलता येईल का? तिने लगेच व्हिडिओ कॉल लावला. बहीण स्वयंपाकघरात होती, मागे कुकर लागलेला. दोघींचं नाक अगदी एक. हिने काहीतरी खुणावलं, तशी बहिणीने फोन फळीवर टेकवला आणि कुशीवर वळून उभी राहिली. टेबलावर पडलेल्या फोमचीच ती गोलाई होती. "जमलंय ना तुम्हाला माझ्यासारखं?" तिने विचारलं. मी म्हटलं, उजवीकडे जरा कमी पडलंय. ती म्हणाली, बाळ तिकडेच झोपतं.

पुढच्या आठवड्यात मी इतर सगळी कामं बाजूला ठेवली. त्या पोटाला उजवीकडे थोडा जास्त उभार दिला. खालच्या पीयूमध्ये कप्पा करून वाळूची चपटी पिशवी बसवली, म्हणजे बसताना भार पुढे येईल आणि पोट आधी बसेल. सून म्हणाली, हे कसं सुचलं तुम्हाला? मी म्हटलं, अनुभव.

म्हातारी पुन्हा आली. तिने काही विचारायच्या आत मी सांगितलं, पोर त्या दोघांचंच आहे, विकतचं नाही की चोरीचं नाही, बाकी सांगायचं तर सूनच सांगेल. तिने माझ्याकडे रोखून बघितलं. मी नजर हलवली नाही. तिच्या डोक्यात काय काय जुळलं ते मला दिसत होतं, पण मी मदत केली नाही. मग तिने विचारलं.

"जी पोटात वागवतेय, तिला तरास नाय ना होत?"

"बरी आहे," मी म्हटलं.

"मंग झालं." उठताना तिने सुक्या कोलंबीचे मूठभर सोडे कागदात बांधून टेबलावर ठेवले. मी नको म्हटलं, तर ऐकलं नाही.

डोहाळजेवणाचं मला सुनेने फोनवर सांगितलं. सासूबाई फार जुन्या वळणाच्या, म्हणाली. दारातच उभ्या राहिल्या, कोणा बाईला पोटाला हात लावू दिला नाही. नजर लागते म्हणाल्या. ओटीही सगळ्यांनी लांबूनच भरली. नशीब म्हणायचं. मग तिने विचारलं, "ताई, कधीकधी वाटतं त्यांना संशय आलाय. पोट नीट आहे ना?" मी म्हटलं, पोटात काही खोट नाही. ते खरंच होतं.

त्यानंतर ती बाळंतपणाला माहेरी गेली. आमच्याकडे माहेरी जायची रीतच असल्यामुळे त्यात कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं. मला मात्र महिनाभर धाकधूक. बहिणीने मूल देताना हात आखडता घेतला तर? आपल्याला दाखवलेली बहीण बहीणच होती ना? नवरा म्हणायचा, आता तरी सोड.

मुलगी झाल्याचा निरोप आला, फोटोही आला. मी तो मोठा करकरून नाक बघितलं. एवढ्याशा नाकावरून काही कळत नाही.

त्या दोघी एकत्र आल्या तेव्हा मी शाळेच्या एका हत्तीची सोंड वळवत होते. सुनेच्या कडेवर बाळ, मागे सासू. सून आत येत म्हणाली, "मैत्रिणीने सांगितलं म्हणून आलो, इथे गाद्या मिळतात ना?" म्हातारीने चौफेर नवलाने बघितलं, जणू असलं दुकान तिने जन्मात पाहिलं नव्हतं. मीही दोघींना बसा म्हटलं, पाणी दिलं, आणि कुठून आलात म्हणून विचारलं.

बाळाला गादी हवी होती. सुनेला मेमरी फोम आवडत होता. मी तो द्यायला नकार दिला. तान्ह्या बाळाला मऊ काही नको, तोंड रुततं आणि ऊबही कोंडते. खाली ईव्हीएचा पातळ कडक थर आणि वर कापसाची घट्ट गादी, असं मी सुचवलं. म्हातारीला नुसता कापूस हवा होता. सून म्हणाली, ओला झाला की दोन दिवस वाळत नाही. यावर दोघींची थोडी चकमक झाली. सून कव्हराचं कापड निवडायला वळली की सासू माझ्याकडे बघायची. सासू बाळाची दुपटी सारखी करायला लागली की सून बघायची. मी दोघींकडेही सारख्याच कोऱ्या चेहऱ्याने बघत होते, आणि गाल दुखायला लागले होते.

शेवटी माझंच चाललं. मी गादी गुंडाळून बांधून दिली. सुनेने एका हातावर बाळ तोललं आणि दुसरा हात गुंडाळीला घातला, तशी म्हातारीने ती तिच्या हातातून ओढून घेतली.

"वजन उचलू नको," ती म्हणाली. "अजून ओली बाळंतीन हायस तू."

सुनेने निमूटपणे हात मागे घेतला. दोघी उतरल्या, एसटी स्टँडची रिक्षा मिळाली, आधी सून बसली आणि मग म्हातारीने गादी मांडीवर घेतली. ते वाक्य तिने मला ऐकवायला म्हटलं, सुनेला धीर द्यायला म्हटलं, की आता तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.